कोपरारक्षकाची कारकीर्द

कबड्डीच्या गुणफलकावरून चढाईपटूचे मोजमाप बहुतेक वेळा बरोबर होते, पकडपटूचे बहुतेक वेळा चुकते. या लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे. रत्नागिरीत बसून ते मांडताना अमेरिकेपर्यंत एक फेरी मारावी लागेल, कारण पकडणाऱ्या खेळाडूची कारकीर्द कशी मोजावी या प्रश्नाशी तिकडच्या मंडळींनी आपल्यापेक्षा जास्त वर्षे झटापट केली आहे. त्यांच्या फुटबॉलमध्ये लाइनबॅकर नावाची जागा असते. आपल्या कोपरारक्षकाचा तो दूरचा चुलतभाऊ मानायला हरकत नाही.

जागा

पुरुषांचे कबड्डीचे क्रीडांगण 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर लांबीचे अंगण येते. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषा आणि अंतिम रेषा यांच्यात उरते ती 1.75 मीटरची पट्टी, एक उंच माणूस आडवा झोपला तर संपेल एवढी. कोपरारक्षकाचा संसार मुख्यतः या पट्टीत, तिच्या टोकाला. मागे अंतिम रेषा, एका बाजूला राखीव क्षेत्र. मध्यरक्षकाला मागे सरकायला जागा असते, कोपऱ्याला ती नसते. म्हणून कोपरारक्षकाची व्याख्या मी अशी करतो: ज्याला माघार घेण्याची सोय नाही आणि पुढे जाण्याची घाई परवडत नाही, असा पकडपटू.

आता त्याच्यासमोरचा माणूस पाहू. बोनस घेण्यासाठी चढाईपटूला एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवावा लागतो आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत असावा लागतो. बचावात किमान सहा जण असतील तरच तो गुण मिळतो. नियमाच्या भाषेत ही गुणाची अट आहे. शरीरशास्त्राच्या भाषेत, सबंध शरीराचे वजन एकाच घोट्यावर आल्याची ती जाहीर कबुली आहे. चांगला कोपरारक्षक डोळे आणि खांदे पाहत नाही, कारण ते खोटे बोलतात. तो पाऊल पाहतो. वजन ज्या पायावर आले त्याच्यावर सूर मारायचा आणि घोटा पकडायचा. एवढ्यात मध्यरक्षकाने परतीची वाट अडवली की काम झाले.

भाट्याच्या खाडीत गुडघाभर पाण्यात पाग घेऊन उभा असलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. तो बराच वेळ काहीच करत नाही. पाण्यावरची एक सुरकुती पाहतो आणि एकदाच पाग फेकतो. घाईने फेकला तर मासा जातो, पाणीही गढूळ होते. कोपऱ्यावरच्या घाईच्या पकडीचेही तसेच आहे. ती फसली की चढाईपटूला एक गुण मिळून भागत नाही; झटापटीत त्याला भिडलेले जेवढे जण असतील तेवढे बाद होतात.

लाइनबॅकरची जागा नावातच आहे: रेषेच्या पाठीमागे. अकरा जणांच्या बचावात पुढच्या फळीचे धिप्पाड खेळाडू समोरच्या फळीला भिडतात, सगळ्यात मागे चेंडू हवेतून येईल म्हणून पळणारे असतात, आणि मधल्या पट्ट्यात लाइनबॅकर. चेंडू खेळात येताच त्याला ठरवायचे असते: समोरचा चेंडू घेऊन पळणार की फेकणार? पळणार असेल तर पुढे झेपावायचे, फेकणार असेल तर मागे हटायचे. प्रतिपक्ष इथेच त्याला फसवतो. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, तो सोबत्याच्या पोटाशी दिल्याची हूल देतो, लाइनबॅकर दोन पावले पुढे येतो, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून त्याच्याच मोकळ्या झालेल्या जागेत पडतो. आपल्याकडे बोनसची हूल देऊन कोपऱ्याला पुढे ओढतात ती हीच युक्ती. फरक काळाचा आहे. त्याचा डाव काही सेकंदांत आटोपतो, इथे चढाई 30 सेकंदांची असते, आणि त्यातले 29 सेकंद हात आवरून धरणे हीच परीक्षा असते.

शरीराची तुलना मात्र करू नये. डिक बटकस हा शिकागोचा नामांकित लाइनबॅकर 111 किलोंच्या आसपास होता. आपल्या वरिष्ठ पुरुष गटात 85 किलोंवर प्रवेश नाही. त्यांना शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच असते. आपल्याकडे गुडघ्याला बांधलेली पट्टी, फार तर.

पकडीचे खरे मूल्य

गुणफलक म्हणतो, पकड म्हणजे एक गुण. बचावात तीन किंवा कमी खेळाडू असताना झाली तर अव्वल पकड, दोन गुण. हिशेब इथेच संपत असता तर या लेखाची गरज नव्हती.

जुन्या हुतुतूचे अमर, गामिनी आणि संजीवनी हे प्रकार इथे आठवावे लागतात. अमर प्रकारात बाद झालेला बाहेर जात नसे, फक्त गुण मोजला जाई. गामिनीत बाद झालेला आपला सबंध संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होई. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे. त्यामुळे प्रत्येक पकडीचे मूल्य तिहेरी ठरते. गुण मिळतो, आपला बसलेला एक खेळाडू उठतो, आणि समोरचा चढाईपटू बसतो. तिसरी गोष्ट सर्वात मोलाची आहे. समोरचा हुकमी चढाईपटू बाकावर गेला की त्याचे सोबती गुण मिळवून त्याला उठवेपर्यंत तो बाकावरच राहतो. त्या चार-पाच मिनिटांत जे घडत नाही ते पकडीचे फळ. ते कोणाच्या नावावर लिहिले जात नाही.

याहून सूक्ष्म बाब निष्फळ चढाईची. चढाईपटू आला, निदान रेषा ओलांडून गेला, ना गुण मिळाला ना तो सापडला. पूर्वी अशी चढाई म्हणजे वाया गेलेला अर्धा मिनिट. तिसऱ्या चढाईच्या नियमाने तिचा अर्थ बदलला: सलग दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे दोन निष्फळ चढाया ही बचावाची ठेव झाली. तिसऱ्या वेळी येणारा माणूस नाइलाजाने खोल शिरतो, आणि नाइलाजाने शिरलेल्याचा घोटा धरणे सोपे असते. मग ती पकड ज्याच्या नावावर लागते त्याचे कौतुक होते. आधीच्या दोन चढायांत जागा न सोडता, हूल न खाता जो उभा राहिला त्याच्या नावावर शून्य.

एक कागदी उदाहरण घेऊ. दोन कोपरारक्षक, दोघांच्याही बाजूला 20-20 चढाया झाल्या. पहिल्याने 8 वेळा पकडीचा प्रयत्न केला. 5 साधल्या, 3 फसल्या. उरलेल्या 12 चढायांपैकी 6 निष्फळ गेल्या, 6 मध्ये त्याच्या बाजूने गुण गेले. दुसऱ्याने 3 प्रयत्न केले, तिन्ही साधले. उरलेल्या 17 पैकी 13 निष्फळ, 4 मध्ये गुण गेले. वर्तमानपत्रात पहिल्याचे पाच गुण छापून येतील, दुसऱ्याचे तीन. फसलेल्या पकडीचा एकच गुण धरला तरी पहिल्याचा जमाखर्च येतो उणे 4 (5 मधून 3 आणि 6 वजा), दुसऱ्याचा उणे 1. पहिला चमकला, दुसऱ्याने सामना धरून ठेवला.

पूर्वपक्ष

यावर जाणकार म्हणतील: हे सगळे खरे असले तरी पकड ही सातांची साखळी असते. कोपऱ्याने घोटा धरला आणि मध्यरक्षक आलाच नाही तर? निष्फळ चढाईचे श्रेय एकट्या कोपऱ्याला का?

आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. साखळीतल्या एकालाच गुण देणारी सध्याची पद्धत याच कारणाने अपुरी ठरते. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: जे घडले नाही ते मोजायचे कसे? भीती मोजता येते का? माझे उत्तर असे की भीती मोजता येत नाही, पण चढाई कोणत्या बाजूला झाली हे मोजता येते. एखाद्या उजव्या कोपऱ्याच्या वाट्याला पूर्वार्धात दहा चढाया आल्या आणि उत्तरार्धात तीनच आल्या, तर त्या सात चढायांनी दिशा का बदलली हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

रकान्याने घडवलेला खेळाडू

खेळात जे मोजले जाते त्यालाच भाव येतो, हे अमेरिकेच्या अनुभवाने दाखवून दिले आहे. तिथे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच त्याच्या मागच्या जागेत आडवे करणे याला सॅक म्हणतात. व्यावसायिक लीगने सॅकची अधिकृत नोंद सुरू केली 1982 साली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा लाइनबॅकर लॉरेन्स टेलर न्यूयॉर्क जायंट्सकडे आला होता 1981 मध्ये. पहिल्या वर्षीचे त्याचे साडेनऊ सॅक आजही अधिकृत बेरजेत नाहीत. त्याच्या नावापुढे 132.5 लिहितात, ते 1982 पासूनचे. त्याने ती कामगिरी केली, पण रकाना नव्हता. रकाना आला आणि 1986 मध्ये 20.5 सॅक करून टेलर सबंध लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, जो मान बचावाच्या खेळाडूला क्वचितच मिळतो. त्यानंतर बाहेरच्या बाजूने धावून येणाऱ्या लाइनबॅकरचा बाजारभावच बदलला. खेळ तोच होता, नोंदवही बदलली होती.

महाविद्यालयीन पातळीवर हे भान आधीपासून थोडेफार होते. बटकस 1962 ते 1964 इलिनॉय विद्यापीठाकडून खेळला. त्या संघाने 1 जानेवारी 1964 ला रोझ बोलमध्ये वॉशिंग्टनला 17-7 असे हरवले. त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या निवडीत तो तिसरा आला. हा मान जवळजवळ नेहमी चेंडू पळवणाऱ्यांकडे किंवा फेकणाऱ्यांकडे जातो, हे लक्षात घेतले तर तिसरा क्रमांक म्हणजे काय ते कळते. 1985 पासून सर्वोत्तम महाविद्यालयीन लाइनबॅकरला त्याच्याच नावाने पुरस्कार देतात. एका जागेसाठी स्वतंत्र पुरस्कार! आपल्याकडे स्पर्धेच्या शेवटी ‘उत्कृष्ट पकड’ म्हणून चषक देतात खरा, पण तो कोपऱ्याला की मध्यरक्षकाला, आणि कशाच्या आधारावर, हे देणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

बटकसची दुसरी बाजूही सांगायला हवी. शिकागो बेअर्सकडे तो नऊ हंगाम खेळला आणि 1973 नंतर गुडघ्यांनी त्याला थांबवले. पकडणाऱ्याचे शरीर पळणाऱ्यापेक्षा आधी झिजते, कारण धडकेचा क्षण पळणारा निवडतो. जांभ्याच्या मातीत सूर मारणाऱ्या आपल्या पोरांच्या कोपरांवरची आणि गुडघ्यांवरची खपली हा त्याच झिजेचा पहिला हप्ता असतो.

भारतीय वडिलांचा मुलगा असलेला एक लाइनबॅकरही या इतिहासात आहे: ब्रँडन छिल्लर. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून (यूसीएलए) गाजून 2004 मध्ये तो चौथ्या फेरीत सेंट लुईस रॅम्सकडे गेला, पुढे ग्रीन बे पॅकर्सकडे. फेब्रुवारी 2011 मध्ये पॅकर्सनी सुपर बोल जिंकला तेव्हा तो जायबंदी खेळाडूंच्या यादीत होता. देवनागरीत लिहिताना आपल्या मनजीत छिल्लरचे, म्हणजे प्रो कबड्डीतल्या नावाजलेल्या पकडपटूचे, आडनावही तेच येते; योगायोग म्हणून सोडून देऊ. भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग काढण्याचा जो प्रयत्न 2012 च्या सुमारास झाला त्याच्या पाठीराख्यांत ब्रँडन होता, आणि त्या लीगमध्ये पुणे मराठाज नावाचा संघही होता. लीग रुजली नाही. मला त्याचे फारसे नवल वाटत नाही. माणसाने माणसाला पकडण्याची हौस इथे बिनखर्चात भागते.

कॉलेज नव्हे, मंडळ

इथे दोन देशांची वाट फुटते. अमेरिकेत लाइनबॅकर घडतो तो विद्यापीठात: शिष्यवृत्ती, प्रशिक्षक, चित्रफिती, प्रत्येक पकडीची नोंद आणि शेवटी व्यावसायिक संघांची निवड. रत्नागिरीत महाविद्यालयीन कबड्डी आहे. जिल्ह्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरतात, चांगली खेळतात, निवडलेली मुले विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागात जातात. पण त्या सामन्यांचे गुणपत्रक दुसऱ्या दिवशी मागितले तर मिळेल याची खात्री नसते. खेळाडूच्या हातात राहते ते प्रमाणपत्र आणि परीक्षेतले सवलतीचे गुण.

आपल्याकडे विद्यापीठाचे काम मंडळ करते. भातकापणी झाली की खाचरात किंवा देवळापुढच्या मोकळीत ढेकळे फोडून, माती चाळून, पाणी मारून मैदान तयार होते. ऑक्टोबर ते मे असा हंगाम. रात्रीच्या दिव्यांखाली स्पर्धा, आणि होळीला मुंबईहून आलेले चाकरमानी दोन्ही बाजूंना ओरडायला. ही ये-जा जुनी आहे. लालबाग-परळच्या मंडळांत कबड्डी जगवली ती गिरण्यांत राबणाऱ्या कोकणातल्या माणसांनीही, आणि 1982 च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या तरी मंडळे टिकली. गावचा चांगला कोपरा मुंबईला गेला की त्याला पोलीस, बँक किंवा रेल्वेच्या संघात नोकरी मिळावी ही घरच्यांची अपेक्षा असे. तीच त्याची निवड, तोच त्याचा करार.

जुलै 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि मॅटबरोबर नोंदवहीही आली. एका सामन्यात पकडीचे पाच गुण घेणाऱ्याची ‘हाय फाइव्ह’ म्हणून वेगळी नोंद होऊ लागली. परिणाम चार वर्षांत दिसला. 2018 च्या लिलावात कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठणारा खेळाडू चढाईपटू नव्हता. तो फझल अत्राचली होता, इराणचा डावा कोपरारक्षक. यू मुंबाने त्याला घेतले. टेलरच्या बाबतीत जे घडले तेच इथे घडले: रकाना आधी, भाव नंतर.

रत्नागिरीचा उजवा कोपरा

शुभम शिंदे हे या विवेचनाचे जवळचे उदाहरण. रत्नागिरीचा, जागा उजव्या कोपऱ्याची. याच जिल्ह्याचा अजिंक्य पवार चढाईचा माणूस. लोकांच्या तोंडी त्याचे नाव सहज येते, शुभमचे थोडे थांबून येते. शुभम पुणेरी पलटणकडून खेळला, बंगालकडून खेळला, पाटणा पायरेट्सकडे गेला. एका संघातून दुसऱ्यात जाणे हे कोणी अपयशाचे लक्षण मानेल. मी उलट मानतो. कोपऱ्यावर भरवशाचा माणूस कमी पडला की संघमालकांना ज्याची आठवण होते तो असा फिरतो. प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामात पाटण्याने त्याला कर्णधार केले, आणि 29 डिसेंबर 2024 ला बालेवाडीत तो संघ अंतिम सामना खेळला.

समोर हरियाणा स्टीलर्स होते. त्यांच्या कोपऱ्यावर मोहम्मदरझा शादलू, ज्याच्यासाठी त्या हंगामाच्या लिलावात 2.07 कोटी रुपये मोजले गेले होते. हरियाणा 32-23 असे जिंकले. प्रो कबड्डीच्या मानाने ही धावसंख्या लहान आहे, आणि लहान धावसंख्या म्हणजे बचावाचा सामना. (धावसंख्या हा शब्द क्रिकेटचा, लेखणीची सवय जात नाही. गुणसंख्या म्हणावे.) दोन्हीकडच्या चढाईपटूंना मोकळेपणी श्वास घेता आला नाही. त्या सामन्याचे वर्णन मात्र कोणी किती गुण मिळवले याच भाषेत झाले. कोणाच्या बाजूला चढाया जायचे टाळले गेले, हे कोणी लिहिले नाही.

रत्नागिरीच्या कोपऱ्याने कर्णधार म्हणून अंतिम फेरी पाहिली, ही त्याच्या कारकिर्दीची नोंद राहील. बटकसही एकदाही अजिंक्यपद न मिळवता निवृत्त झाला आणि 1979 मध्ये गौरवभवनात गेला. पकडणाऱ्याची थोरवी चषकांत शोधू नये एवढे तरी यावरून मान्य व्हावे.

एक मागणी

तालुक्याच्या स्पर्धांत मी काही वर्षे गुणलेखकाच्या टेबलावर बसलो आहे. रात्री दीडला, बल्बभोवतीचे किडे वहीवर पडत असताना, समोरच्या कोपऱ्यावरचा एक शांत मुलगा चढाईमागून चढाई रिकामी परतवताना पाहिला आहे. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे त्या रात्री दोन गुण होते. मीच लिहिले होते. लिहायला दुसरी जागा नव्हती.

जिल्हा संघटना, मंडळे आणि महाविद्यालयांचे क्रीडाशिक्षक यांना म्हणून विनंती आहे. येत्या हंगामाच्या गुणपत्रकांत प्रत्येक चढाईपुढे आणखी दोन चौकोन आखावेत: चढाई कोणत्या बाजूला झाली, आणि निष्फळ गेली का. डावी, उजवी, मधली यांसाठी ‘डा’, ‘उ’, ‘म’ पुरे. निष्फळसाठी एक शून्य. टेबलावर आणखी एक शाळकरी मुलगा आणि एक पेन्सिल लागेल. गुणपत्रके जाळू नयेत, जपून ठेवावीत.